डबीत काय शे?

आमच्या गल्लीतल्या बाया मला भेटल्या की एकच विचारतात. पोरीला धुळ्याला नेलं तिथे काय करतात, सुई टोचतात का, डोक्याला वायरी लावतात का. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे लिहिणं साधंच आहे. ज्यांची पोरं शाळेत बोलत नाहीत त्यांच्या उपयोगी पडेल.

सुई टोचत नाहीत. वायरीही लावत नाहीत. बाहुल्या आणि डब्या दाखवतात आणि प्रश्न विचारतात.

आमची जानू सहा वर्षांची. माझ्या मुलाची मुलगी. जूनपासून पहिलीत बसते. बाईंनी काही विचारलं की ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहते, उत्तर देत नाही. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून दुसऱ्यांचा खेळ बघते. बाईंनी माझ्या सुनेला, वर्षाला, बोलावून सांगितलं की हिला दुसऱ्याच्या मनातलं कळत नसावं, धुळ्याला देवपुरात अशा मुलांची तपासणी होते, तिथला कागद आणा. नाहीतर दिवाळीनंतर हिला परत बालवर्गात बसवावं लागेल. मी शाळेत जाऊन बाईंना तोंडावर सांगितलं की पोरगी घरी बोलते. त्या म्हणाल्या, घरी बोलते ते आम्हाला कसं दिसणार? ते बरोबर होतं. मी परत आले.

मुलगा पाइपच्या कारखान्यात असतो, त्याला रजा नव्हती. म्हणून वर्षा, मी आणि जानू अशा तिघी निघालो. वर्षाचं माहेर पिंपळनेरचं. भुलाबाईचे दिवस होते, तेव्हा धुळ्याहून पुढे तिथेही जायचं ठरलं.

निघताना माझ्या कनवटीला एक डबी होती. सराफाची गुलाबी डबी, आत कापूस असतो ती. माझ्या कुड्या तिच्यातून आल्या होत्या. आता तिच्यात तंबाखूची मिसरी होती. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी माझ्या गालाच्या आत पांढरा डाग दाखवला आणि मिसरी बंद करा म्हणाले. मुलाने माझ्याकडून शपथ घेतली. वर्षाने होत्या तेवढ्या पुड्या चुलीत घातल्या. मी पंधरा दिवस राहिले आणि पुन्हा सुरू केली. गल्लीत मला फटकळ म्हणतात, पोटात काही ठेवत नाही म्हणतात. हे एक मात्र मी पोटात ठेवलं होतं.

घरात ते फक्त जानूला माहीत होतं. पाण्याच्या टाकीमागे मी दात घासत असताना ती समोर येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, कोणाला सांगशील? ती म्हणाली, नही. तो विषय तिथेच संपला.

जळगाव ते धुळे

सकाळची एसटी. गिरणा ओलांडली की केळी मागे पडतात आणि कपाशी सुरू होते. बोंडं फुटायला लागली होती. बाया ओटीत कापूस वेचत होत्या. एरंडोलला एक मुसलमान बाई चढली, कडेवर नऊ-दहा महिन्यांचं बाळ. पारोळ्याला भावाकडे चालली होती. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे म्हणाली. तिच्या हातात मात्र दोनच बांगड्या होत्या. मी विचारलं, एवढं दुकान आणि हात रिकामे? ती म्हणाली, घरच्या मालाला कोण हात लावतं, अक्का.

बाळाने माझ्याकडे पाहिलं. माझे पुढचे दात पडलेले आहेत. ते लगेच आईकडे वळलं. आई हसत होती, म्हणून तेही हसलं. पुढे रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बाळाला काही लागलं नव्हतं. त्याने पुन्हा आधी आईकडे पाहिलं. आई घाबरली होती, तेव्हा त्याने गळा काढला.

जानू इतका वेळ गप्प होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ते आधी मायना तोंडकडे देखस."

मी पाच पोरं वाढवली. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी वर्षाला म्हणाले, ऐकलंस का? वर्षा पिशवीतले कागद लावत होती. तिचा जीव त्या कागदांत होता. आदल्या रात्रीपासून ती धड जेवली नव्हती. तिच्या मामेबहिणीच्या मुलाला असंच मागे बसवलं होतं आणि तो पुढे शाळेतच गेला नाही, हे तिने मला तीनदा सांगितलं. मी तीनदा ऐकलं.

पारोळ्याला भजी खाल्ली. तेल जुनं होतं. जाणार असाल तर घरून दशम्या बांधून न्या.

देवपूर

धुळ्यात पांझरेच्या या बाजूला जुनं गाव, तिथे गल्ल्यांना नंबर आहेत. पूल ओलांडला की देवपूर. तिथे शाळा, कॉलेजं, बंगले. नदीत पाणी कमी आणि गवत जास्त. रिक्षावाल्याने आम्हाला दारात सोडलं. जागा साधी आहे, दोन खोल्या आणि बाहेर बाकडं. समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर हत्ती काढलेले आहेत, त्यातल्या एकाला पाच पाय आहेत. चितारणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, साताऱ्याकडच्या. बोलणं गोड, पण पुस्तकातलं. त्यांनी आधी वर्षाला फॉर्म भरायला लावला. घरात कोण कोण, पोरगी कधी चालली, पहिला शब्द कधी बोलली. घरी कोणती भाषा बोलता, असंही होतं. वर्षाने मराठी असं सांगितलं. आमच्या घरी बठ्ठं, म्हणजे सगळं, बोलणं अहिराणीत चालतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. लोक आपल्याला खेडवळ समजतील म्हणून ती बाहेर असंच सांगते. मी त्या वेळी गप्प राहिले. ते माझं चुकलं.

मग त्या दोघींना आत घेतलं, मला बाहेर बाकड्यावर बसवलं. वीज गेली होती म्हणून दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

मॅडमनी आधी दोन बाहुल्या काढल्या. एक बाहुली चेंडू टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. दुसरी तो काढून खोक्यात टाकते. पहिली परत आली की चेंडू कुठे शोधेल? जानू म्हणाली की बाहुली चिंध्यांची शे, ती काय देखी? मॅडम हसल्या. पण कागदावर लिहिल्याचा आवाज आला.

मग मॅडम म्हणाल्या, ही बघ डबी. ही तर तुझ्या ओळखीची असेल. मी मान वळवून पाहिलं. सराफाची गुलाबी डबी. जळगावची ही डबी खान्देशात कोणाच्या घरात नसते? म्हणूनच त्यांनी ती घेतली होती. इथलं कोणतंही पोर ती पाहिली की सोनं म्हणणार, कानातलं म्हणणार, असा त्यांचा हिशेब.

"यात काय असेल?"

जानू बोलली नाही. मॅडमनी तीनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, "माले माहित नही."

मॅडमनी डबी उघडली. आत खडूचे तुकडे होते. त्यांनी ती पुन्हा बंद केली आणि म्हणाल्या, "बाहेर तुझी आजी बसलीय. तिने ही उघडून पाहिलेली नाही. मी तिला विचारलं की यात काय आहे, तर ती काय सांगेल?"

माझा हात कनवटीवर गेला.

"ती सांगाव नही," जानू म्हणाली.

"सांगणार नाही? का बरं?"

पुन्हा लिहिण्याचा आवाज.

थोड्या वेळाने त्यांनी मला आत बोलावलं. मॅडम वर्षाला समजावत होत्या. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं असतं, ज्याने पाहिलं नाही त्याला ते माहीत नसतं, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येते. हिची उत्तरं प्रश्नाला धरून नाहीत. तशी घाबरण्यासारखी गोष्ट नाही, पण सध्या हिला लहान मुलांबरोबर बसवणं बरं पडेल, मी तसं लिहून देते. वर्षा मान हलवत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. जानू खिडकीतून हत्तीचा पाचवा पाय मोजत असावी.

गप्प राहिले असते तर माझी डबी राहिली असती आणि पोरगी बालवर्गात गेली असती. ही एवढीच गोष्ट होती. तिला फार विचार लागत नाही. तरी मी थोडा वेळ घेतला, हे खरं आहे.

मी मॅडमना म्हणाले, जरा थांबा. तिला विचारा की आजी का सांगणार नाही.

मॅडमनी विचारलं. जानू माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, सांग, माझी हरकत नाही. ती ओठ आत ओढून उभी राहिली. मग मी कनवटीची डबी काढली आणि टेबलावर त्यांच्या डबीशेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारख्या होत्या.

"हिच्यात मिसरी आहे," मी म्हणाले. "घरी मी सोडली असं सांगितलंय. हिला माहीत आहे. वर्ष झालं, हिने आईला सांगितलं नाही, बापाला सांगितलं नाही. आता तुम्हालाही सांगत नाही."

मॅडमनी माझी डबी उघडून वास घेतला. मग आपल्या कागदाकडे पाहिलं. मी वर्षाकडे पाहिलं नाही. घरात अहिराणी बोलतो, तेही त्याच दमात सांगून टाकलं. म्हटलं एकदाच होऊन जाऊ दे.

मॅडमनी लिहिलेल्या दोन ओळींवर रेघ मारली. मग जानूला जवळ बसवून मोडक्यातोडक्या अहिराणीत पुन्हा विचारलं, या खेपेला बिस्किटाचा पुडा घेऊन, बाहुली बाजूला ठेवून. जानूने सगळं बरोबर सांगितलं. तिने मॅडमचं एक क्रियापदही दुरुस्त केलं. मग मॅडमनी तिला विचारलं की शाळेत बाईंना उत्तर का देत नाहीस? ती म्हणाली, बाई गायीचं चित्र दाखवतात आणि हे काय आहे विचारतात. बाईंना दिसत शे ना.

खरंच की. आमच्या घरी ज्याला माहीत नाही तोच विचारतो. माहीत असून विचारणं ही शाळेची रीत, ती तिला कोणी सांगितलीच नव्हती.

मॅडम कागद नव्याने लिहीत होत्या तोवर मी विचारून घेतलं की तुम्ही नेमकं बघता काय. त्यांनी सांगितलं ते असं. बाळ आधी माणसाचं तोंड ओळखतं. मग घाबरायचं की हसायचं हे आईच्या तोंडावरून ठरवतं. वर्षाचं झालं की बोट दाखवतं, म्हणजे मला दिसतंय ते तूही बघ. मग खोटा खोटा स्वयंपाक करतं. आणि मग कधीतरी त्याला उमगतं की माझ्या मनातलं या माणसाला दिसत नाही. तिथून लपवणं येतं, गंमत करणं येतं, दुसऱ्याची समजूत काढणं येतं. हे पुस्तकाने येत नाही, माणसांत राहून येतं, आणि कोणाला लवकर, कोणाला उशिरा.

"खोटं बोलता येणं हीसुद्धा वाढच आहे, आजी," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, आम्ही त्याबद्दल पोरांना झोडपत होतो. त्या म्हणाल्या, आता झोडपू नका. आणि तोंड डॉक्टरांना दाखवा.

कागदावर लिहिलं होतं की मुलीची समज वयाप्रमाणे आहे, घरची भाषा अहिराणी आहे, पहिलीतच ठेवावं. वर्षाने तो दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. माझी डबीही तिने त्याच पर्समध्ये टाकली. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "वरीस झालं, अक्का."

"हो."

"आणि पोरीला शिकवलं."

"शिकवलं नाही. तिनं पाहिलं."

"आणि मी पुड्या जाळत बसली," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. तिचा राग मला समजत होता, त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं होतं की जानू तरी हात धरेल. जानूने रिक्षात आईच्या पलीकडची जागा धरली.

पिंपळनेर

धुळ्याहून साक्रीमार्गे पिंपळनेर. पश्चिमेला जाल तसे डोंगर जवळ येतात आणि शेतात कपाशीच्या जागी कांदा, मका आणि भात दिसायला लागतो. साक्रीच्या स्टँडवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार जेवायला गेला होता. मी सुतळीने बांधली आणि तशीच फरपटत चालले. एरवी जानू हसून हसून मला नक्कल करून दाखवते. त्या दिवशी तिने पाहिलं आणि मान फिरवली.

धुळ्यात गवताने भरलेली पांझरा इथे डोंगरातून येते आणि चांगली वाहते. विहीणबाईंनी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाचं घुटं केलं होतं. आमच्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. नागलीची काळी दिसते, पोटाला थंड असते, पण मला पुढचे दात नसल्याने टाळ्याला चिकटते. मी तसं सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, आमची भाकर चिकटस, तुमची जीभ टोचस. फिटंफाट." वर्षाने त्यांना आधीच सगळं सांगितलेलं दिसत होतं. जेवण झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सुपारी दिली. माझ्यापुढे बडीशेप ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या अंगणात मातीची भुलाबाई मांडली. जळगावला आता हे सोसायटीच्या गच्चीवर होतं आणि गाणी स्पीकरवर लावतात. इथे पोरी तोंडाने म्हणतात आणि टिपऱ्या वाजवतात. शब्द चुकले तर मोठ्या बाया ओट्यावरून ओरडतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाणी संपली की खाऊ असतो, पण तो आधी ओळखावा लागतो. प्रत्येक पोर झाकलेला डबा आणते आणि हलवून वाजवते. बाकीच्यांनी आवाजावरून सांगायचं. जिचा खाऊ लवकर ओळखला जातो तिला चिडवतात. फार लहान पोरी डबा वाजवायच्या आधीच शेंगदाणे म्हणून ओरडतात आणि सगळ्या हसतात. देवपूरच्या मॅडमना हे कोणी दाखवलं तर त्यांना डब्या विकत घ्याव्या लागणार नाहीत.

जानूने दुपारी आजोळच्या आजीबरोबर स्वयंपाकघराचं दार लावून डबा भरला होता. स्टीलचा, कडीचा. ती तो छातीशी धरून ओट्यावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि पहिलं मीच बोलावं असं मला वाटलं.

मी विचारलं, डबामा काय शे?

तिने डबा दुसऱ्या बाजूला घेतला.

"तुले सांगाव नही," ती म्हणाली. "तू सांगी देस."

मी तिला देवपूरच्या कागदाचं समजावणार होते. तुझ्यासाठीच सांगितलं, नाहीतर तुला मागे बसवलं असतं. पण ते तिला माहीत होतं. तिला सगळं कळतं, असं आमच्या पर्समध्ये लेखी होतं. तिने वर्षभर सांभाळलं आणि मी एका मिनिटात बोलून टाकलं, तेही तिला विचारल्याशिवाय. मला बरोबर वाटलं ते मी केलं. तिचंही बरोबर होतं. मी उठून वर्षाशेजारी जाऊन बसले.

तिची पाळी आली. तिने डबा वाजवला. पोरींनी गोड सांगून पाहिलं, तिखट सांगून पाहिलं, तळलेलं, भाजलेलं, सगळं सांगितलं. ती प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायची आणि मान हलवायची. एकीने जवळपास ओळखलं असावं, कारण जानूने डोळे मोठे केले आणि लगेच पडद्यासारखा कोरा चेहरा केला. शेवटी पोरींनी हार मानली. ती भिंतीला टेकली नव्हती. मधोमध उभी होती. डोकी एकत्र आली, झाकण निघालं, पोरी ओरडल्या. ओट्यावरून मला काही दिसलं नाही. खाऊ वाटत ती सगळ्या बायांपुढून फिरली. माझ्यापुढून पुढे गेली.

परत

जळगावला आल्यावर बाईंनी कागद वाचला आणि जानू पहिलीत राहिली. बाई आता गायीचं चित्र पाठीमागे लपवतात आणि मग विचारतात. जानू उत्तर देते, कधी कधी मराठीतही. डॉक्टरांनी माझा डाग पाहिला. तेवढाच आहे म्हणाले, वाढलेला नाही, पुन्हा दाखवा. डबीचं वर्षाने काय केलं ते मी विचारलं नाही.

जानू माझ्याशी बोलते, पूर्वीसारखीच. माझ्या चपलेची नक्कलही तिने केली, घरी आल्यावर, सगळ्यांसमोर. पण पिंपळनेरच्या डब्यात काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. वर्षाला विचारलं, तर ती म्हणते, तिलाच विचारा. विहीणबाईंना फोनवर विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला. जानूला मी अधूनमधून विचारते. ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, आणि मग म्हणते, अजून नही.